विटांच्या गावात तीन दिवस : अहमदाबादचे कॅम्पस आणि त्यांचे ओटे

माझी भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा म्हणाली, "मावशी, पुस्तकात प्लॅन बघून बघून डोळे दुखले. अहमदाबादला येतेस का माझ्याबरोबर?" मी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. एकतीस वर्षं एकाच आवारात काढली. मुलं कुठल्या पायरीवर बसतात, कुठल्या झाडाखाली अभ्यास करतात आणि कुठल्या बाकाकडे कुणीच फिरकत नाही, हे रोज खिडकीतून बघत आले. त्यामुळे कॅम्पस बघायला जायचं म्हटल्यावर मी तिच्याइतकीच हरखले.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ठरवला. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी रुमाल डोक्यावर घ्यावा लागतो, असे ते दिवस. गाडीने पहाटे सोडलं. हॉटेलवाल्याने आमची खोली दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली होती, म्हणून दुसरी जागा शोधण्यात दीड तास गेला. ती मात्र युनिव्हर्सिटी रोडजवळ मिळाली आणि पुढचे तिन्ही दिवस त्याचा फायदाच झाला.

पहिला दिवस : सेप्ट, पोथ्यांचं तळघर आणि गुफा

हा सगळा पट्टाच मुळात शिक्षणासाठी राखलेला. 1935 मध्ये अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई त्यात होते आणि आपले गणेश वासुदेव मावळंकरही होते, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. साबरमती नदीच्या पश्चिमेला मोकळी जमीन होती. ती हळूहळू कॉलेजं, संशोधन संस्था आणि 1949 मध्ये आलेल्या गुजरात विद्यापीठाने भरली. त्यामुळे इथे एका संस्थेतून निघून दुसऱ्या संस्थेत पायी जाता येतं.

सेप्ट म्हणजे वास्तुकला आणि नियोजन शिकवणारं विद्यापीठ. त्याच्या दारावर वहीत नाव लिहिलं आणि आत गेलो. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी 1962 मध्ये इथे आर्किटेक्चरची शाळा सुरू केली आणि तिची इमारत 1966 ते 1968 या काळात उभी राहिली. दोशी जन्माने पुण्याचे, 1927 चे. तिशीच्या आत पॅरिसमध्ये जगप्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम करून आले आणि मग अहमदाबादचेच झाले. 2018 मध्ये त्यांना वास्तुकलेतलं सर्वांत मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, भारतात पहिल्यांदाच. 2023 च्या जानेवारीत ते गेले. भाची त्यांना भेटू शकली नाही याची तिला खरोखरच चुटपुट आहे.

आत शिरल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की इमारत अजून पुढे असेल. कारण मोठं प्रवेशद्वार, पाटी, पोर्च असं काही समोर येतच नाही. आपण झाडांतून चालत असतो आणि चालता चालता इमारतीच्या पोटात आलेले असतो. विटांच्या समांतर भिंती, त्यांच्यामध्ये काँक्रीटचे स्लॅब आणि खाली सगळं खुलं. वरच्या स्टुडिओत उत्तरेकडून उजेड येतो. चित्र काढणाऱ्याला हाच उजेड हवा असतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि कागदावर हाताची कडक सावली पडत नाही.

पण आम्ही जास्त वेळ रमलो खालीच. जमिनीचे चढउतार बुजवून सपाट न करता तसेच ठेवलेत, आणि जिथे जिथे पातळी बदलते तिथे पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर मुलं बसलेली. एक मुलगी पुठ्ठ्याचं मॉडेल कापत होती, दोघं वाद घालत होते, एक जण लॅपटॉप उशाला घेऊन झोपला होता. भाचीने पिशवीतून टेप काढली आणि पायऱ्यांची उंची मोजायला लागली. तिचा त्या सत्राचा विषयच "बसायच्या जागा" असा आहे, हे मला तेव्हा कळलं. शेजारून जाणारा एक विद्यार्थी थांबला, काही न विचारता टेपचं दुसरं टोक त्याने धरलं आणि मग पाऊण तास आम्हाला सगळं फिरवलं. "आम्ही वर्गात कमी आणि इथेच जास्त शिकतो," तो म्हणाला. परीक्षकांसमोर कामं मांडायची ती बऱ्याचदा याच मोकळ्या जागेत. त्यामुळे येणारा-जाणारा थांबतो, ऐकतो, पहिल्या वर्षाचा मुलगा पाचव्या वर्षाच्या मुलीचं काम बघतो. भिंत असती तर हे घडलं नसतं.

त्याच आवारात वास्तुकार राहुल मेहरोत्रांच्या ऑफिसने केलेलं लीलावती लालभाई ग्रंथालय आहे, 2017 चं. शेजारच्या जुन्या इमारतींपेक्षा ते उंच जाऊ नये म्हणून बरंचसं जमिनीखाली नेलंय. वरच्या भागाला बाहेरून हलवता येणाऱ्या झडपा आहेत, उन्हाप्रमाणे उघडायच्या किंवा मिटायच्या. खाली उतरत गेलं की हवा थंड होत जाते आणि आवाज कमी होत जातात. ग्रंथपाल म्हणून सांगते, वाचकाला गप्प बसवणारी पाटी इथे लावायची गरज नाही, जागाच ते काम करते.

दुपारी चालत लालभाई दलपतभाई भारतीय विद्या मंदिरात गेलो. लोक त्याला एलडी म्हणतात. हीसुद्धा दोशींचीच इमारत आणि सेप्टच्या आधीची. मुनी पुण्यविजयजींनी आपला हस्तलिखितांचा मोठा संग्रह दिला, त्यातून ही संस्था उभी राहिली. पोथ्यांना उन्हाचा आणि दमटपणाचा त्रास होतो. तापमान सतत वरखाली झालं की कागद आणि ताडपत्र दोन्ही ठिसूळ होतात. म्हणून संग्रह अर्धवट जमिनीखाली, आणि वर रुंद ओसऱ्या, म्हणजे भिंतीला ऊनच लागू नये. जैन उपाश्रयांची, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागांची, आठवण यावी अशी रचना आहे. शेजारच्या संग्रहालयात चित्रित पोथ्या बघायला मिळतात. मी कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या एका पानासमोर इतका वेळ उभी होते की तिथल्या ताईंनी खुर्ची आणून दिली. लाल पार्श्वभूमी, सोन्याची शाई आणि पानाच्या मधोमध दोरा ओवायला सोडलेली जागा. ताडपत्रं दोऱ्यात ओवून ठेवत. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज संपली, तरी लिहिणाऱ्यांनी ती जागा सोडणं चालूच ठेवलं.

संध्याकाळी परत सेप्टशेजारी, अमदावाद नी गुफा. दोशी आणि एम. एफ. हुसेन यांनी नव्वदच्या दशकात मिळून केलेली. बाहेरून दिसतात फक्त जमिनीतून वर आलेले घुमट, चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेले, आणि त्यांवरून वळसे घेत गेलेला काळा साप. आत उतरलं की सरळ भिंत नाही, सरळ खांब नाही, जमीनसुद्धा सपाट नाही. फेरोसिमेंटचं कवच इतकं पातळ आहे की एवढं मोठं छप्पर ते कसं पेलतं याचं नवल वाटतं. सिमेंट आणि लोखंडी जाळी यांचा तो थर आकारामुळेच मजबूत होतो, अंड्याच्या कवचासारखा. वरून गोल झरोक्यांतून उजेडाचे तुकडे पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. आम्ही गेलो तेव्हा चार वाजता उघडली. सोमवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.

मग कीटली. अहमदाबादेत चहाच्या टपरीला कीटली म्हणतात आणि युनिव्हर्सिटी रोडवर संध्याकाळी कीटलीवर बसणं हा नित्यक्रम आहे. प्लास्टिकची स्टुलं, स्कूटरच्या सीट, दुभाजकाचा कठडा, जिथे टेकता येईल तिथे माणूस टेकलेला. अर्धा चहा मागितला की छोट्या पेल्यात मिळतो, बरोबर मस्काबन. कडुनिंबाच्या फांद्यांत उत्तरायणातल्या पतंगांचा मांजा अजून लोंबत होता. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात म्हणून एक आजोबा लांब काठीला आकडा बांधून तो मांजा काढत फिरत होते. रोज एक झाड, असं त्यांनी ठरवलंय. आम्ही त्यांच्याबरोबर एक झाड पूर्ण केलं.

काही कामाच्या गोष्टी. मेट्रोचं गुजरात युनिव्हर्सिटी नावाचं स्टेशनच आहे, तिथून हा सगळा पट्टा पायी होतो. फेब्रुवारीतही दुपारी बारा ते तीन बाहेर चालू नका, ती वेळ ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या. आणि संस्थांमध्ये जायचं तर शनिवार-रविवार टाळून जा. मुलं नसतील तर नुसत्या विटाच दिसतील.

दुसरा दिवस : लुई कान यांचं आयआयएम

इथे जाण्यासाठी महिनाभर आधी पत्र लिहून परवानगी घेतली होती. तुम्हीही घ्या. आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, ही निवासी संस्था आहे आणि तिथे मुलं राहतात. फोटो कुठे काढायचे, कुठे नाही, तेही आधीच विचारून घ्यावं.

संस्था 1961 ची. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांचा पुढाकार. इमारतींसाठी दोशींनी अमेरिकन वास्तुकार लुई कान यांचं नाव सुचवलं आणि 1962 पासून कान अमेरिकेतून इथे येत राहिले. दोशी आणि नंतर वास्तुकार अनंत राजे यांनी इथलं काम सांभाळलं. 1974 च्या मार्चमध्ये कान अहमदाबादहून परतले आणि न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर हृदयविकाराने गेले. भाचीने हे मला रुंद पायऱ्या चढताना सांगितलं. शेवटच्या खेपेला ते याच पायऱ्या उतरले असतील का, असं माझ्या मनात आलं आणि मी जरा थांबले.

पायऱ्या चढून गेलं की लुई कान प्लाझा. मधे हिरवळ, एका बाजूला वर्ग, एका बाजूला प्राध्यापकांच्या खोल्या आणि टोकाला विक्रम साराभाई ग्रंथालय. सगळं उघड्या विटांचं. चित्रांत या इमारती फार भव्य आणि थोड्या कठोर दिसतात, म्हणून मी मनातून घाबरून गेले होते. प्रत्यक्षात सकाळच्या उन्हात ती वीट इतकी ऊबदार दिसते की हात लावावासा वाटतो. मी लावला. थंडगार होती.

कमानींचं गुपित भाचीने कागदावर काढून दाखवलं. कमान वरचा भार पेलते, पण तो पेलताना तिचे पाय बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात. म्हणून जुन्या इमारतींत कमानीच्या दोन्ही बाजूंना जाड भिंती लागत. कान यांनी कमानीचे दोन्ही पाय काँक्रीटच्या आडव्या पट्टीने एकमेकांना बांधून टाकले. त्यामुळे कमान चपटी करता आली आणि भिंत हलकी राहिली. प्रत्येक कमानीखाली ती करडी पट्टी दिसते. कुठेही लपवलेली नाही. भार कुठून कुठे जातो हे माझ्यासारखीलाही भिंतीवर वाचता आलं, याचा मला फार आनंद झाला.

भिंतींना मोठाली गोल भोकं आहेत, पण खोलीची खरी खिडकी त्यांच्या बरीच आत असते. मधल्या जागेत सावली आणि वारा. या शहरात मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो, तिथे ऊन खोलीच्या बाहेरच अडवणं हाच मोठा उपाय. वसतिगृहंही नैर्ऋत्येकडून येणारा वारा मिळावा म्हणून तिरकी मांडलेली आहेत, एकूण अठरा. प्रत्येकात जिन्याजवळ एक सामाईक जागा. खोलीतून निघालेल्या मुलाला तिथून जावंच लागतं आणि कुणीतरी भेटतंच. आम्हाला फिरवणारी विद्यार्थिनी म्हणाली की पहिल्या सत्रातल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी तिला जिन्यातच मिळाल्या.

आता मनाला लागलेली गोष्ट. विटा थकल्या आहेत. काही ठिकाणी पाणी झिरपतं. बांधकामात घातलेलं लोखंड गंजलं की फुगतं आणि वीट आतून फोडतं. 2001 च्या भूकंपानेही धक्का दिला. 2020 च्या डिसेंबरमध्ये अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधण्याचा विचार पुढे आला. जगभरच्या वास्तुकारांनी पत्रं लिहिली आणि 1 जानेवारी 2021 ला तो निर्णय मागे घेतला गेला. दुरुस्ती की नवी बांधणी, हा प्रश्न त्यानंतरही मिटलेला नाही. जिथे मुलं राहतात तिथे छत सुरक्षित हवंच, ही बाजू मला पूर्ण पटते. पण विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती करता आली, नीट करता आली आणि 2019 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला, हेही तितकंच खरं. फाटलेली पोथी आपण रद्दीत देत नाही, तिला जपानी कागद लावून पान पान सांधतो. वेळ लागतो, पैसा लागतो, कसबी हात लागतात. मी आयुष्यभर ते केलंय, म्हणून इमारतीच्या बाबतीतही माझं मन दुरुस्तीकडेच झुकतं.

एक गोष्ट कान यांच्या आराखड्यात होती आणि झालीच नाही : वसतिगृहं आणि प्राध्यापकांची घरं यांच्यामध्ये तळं. ते असतं तर कसं दिसलं असतं, याचं चित्र भाची बराच वेळ काढत बसली. संध्याकाळी आम्ही जवळच्या वस्त्रापूर तलावावर गेलो. काठावर फिरणाऱ्या बायका, भेळेच्या गाड्या, पाय सोडून बसलेली जोडपी, सायकल शिकणारी पोरं. संस्थेच्या आत जे तळं झालं नाही, त्याचं काम थोडंफार इथे होतंय असं वाटलं. फक्त मधे भिंत आहे. तिच्या आतल्या माणसाला बाहेर यायला कुणी अडवत नाही, बाहेरच्याला मात्र पत्र लिहावं लागतं. सेप्टमध्ये वहीत नाव लिहून आणि इथे महिन्याभराच्या पत्रव्यवहाराने आम्ही आत गेलो, हा फरक माझ्या डोक्यातून जाईना. काही काम नसलेला माणूस कुठवर येऊन बसू शकतो, त्यावरून विद्येची जागा गावाची किती आहे हे समजतं, असं मला वाटतं.

रात्री लॉ गार्डनच्या रस्त्यावर जेवलो. चनिया-चोळीच्या दुकानांवरची आरशांची कामं दिव्यात लखलखत होती. तिथल्या एका काकूंनी हांडवो बांधून दिला आणि "दीकरी बारीक छे" म्हणत भाचीच्या हातात वर एक तुकडा जास्त ठेवला.

तिसरा दिवस : पोळ, विद्यापीठ आणि आश्रम

सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघणाऱ्या हेरिटेज वॉकला गेलो. ज्यांना कॅम्पसच बघायचेत त्यांनीही हे चुकवू नये. जुन्या शहरातल्या पोळा, म्हणजे एका दारातून आत जाणाऱ्या दाट वस्तीच्या गल्ल्या, बघितल्या की दोशी कुठून शिकले ते लगेच कळतं. अरुंद गल्ली म्हणजे सावली. घराच्या मधे चौक म्हणजे उजेड आणि वारा. आणि प्रत्येक दाराशी ओटलो, आपला ओटाच. भाजी निवडणं, पेपर वाचणं, भांडण मिटवणं, सगळं त्याच्यावर. कवी दलपतराम यांचं घर होतं तिथे त्यांचा पुतळा आहे, चौथऱ्यावर उभा केलेला नव्हे, तर घरासमोर ओट्यावर बसलेला. शाळेला निघालेली दोन पोरं त्यांच्या शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. भाचीने टेप काढली. ओटा भरला दीड फूट. "सेप्टची पायरी यापेक्षा बुटकी आहे, मावशी. पण दोन पायऱ्या मिळून बघ," ती म्हणाली आणि वहीत दोन रेघा ओढून दाखवल्या.

वॉक जामा मशिदीत संपतो. 1424 ची मशीद. समोर रिक्षांचा गोंगाट आणि आतल्या अंगणात पाऊल टाकलं की शांतता. तिथून सिदी सैय्यद मशिदीची दगडी जाळी बघितली आणि जवळच्या लकी नावाच्या हॉटेलात चहा घेतला. टेबलांच्या मधे हिरव्या रंगाच्या कबरी आहेत. सकाळी त्यांवर फुलं वाहतात आणि माणसं शेजारी बसून चहा पितात. भिंतीवर हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे.

दुपारी आश्रम रोडवरच्या गूजरात विद्यापीठात गेलो. नाव घोटाळ्याचं, पण हे 1949 चं गुजरात विद्यापीठ (युनिव्हर्सिटी) नव्हे, त्याहून जुनं. रिक्षावाल्याला सांगताना "गांधीजींचं" असं सांगा, नाहीतर तो युनिव्हर्सिटीला नेऊन सोडेल. असहकाराच्या काळात, ऑक्टोबर 1920 मध्ये गांधीजींनी ते स्थापन केलं. इमारती साध्या, झाडं मोठी. खादीतली मुलं सायकली हातात धरून चाललेली. काका कालेलकर इथे कुलनायक होते. त्यांचा जन्म साताऱ्याचा. आमच्या गावचा माणूस इथे येऊन गुजराती गद्याचा मोठा लेखक झाला आणि गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं, हे मी ग्रंथालयात कितीदा मुलांना सांगितलं होतं. ते स्वतः त्या आवारात उभं राहून आठवताना डोळे भरून आले.

शेवटचा मुक्काम साबरमती आश्रम. तिथलं संग्रहालय वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तरुणपणी केलं, 1963 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, वर कौलांची उतरती छपरं. काही चौकोनांना भिंती, काही मोकळे, मधे पाण्याचं छोटं कुंड. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. दार कुठलं, असं विचारावं लागत नाही, आपण कुठूनही आत येतो. ना तिकीट, ना वही. एका मोकळ्या चौकोनात शाळेची सहल डबे उघडून बसली होती. पलीकडे एक म्हातारं जोडपं पत्रांच्या नकला वाचत होतं. विनोबांची कुटी बघून आम्ही नदीकडच्या कट्ट्यावर टेकलो. ऊन उतरलं होतं, पाण्यावरून वारा येत होता.

गाडीला तीन तास होते. भाचीने वही उघडली आणि तीन दिवसांत मोजलेल्या जागा एका पानावर एकाखाली एक मांडायला लागली : स्टुडिओखालची पायरी, प्लाझाची कड, कीटलीचं स्टूल, तलावाचा काठ, दलपतरामांचा ओटा. मग टेप माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "मावशी, तू उठू नकोस, हा कट्टा राहिलाय. ते टोक धर."